अब्बांचा आवाज आणि न दिसणारा डीव्हीडी ड्राइव्ह

शाबान लागला की आमच्याकडे आवराआवर सुरू होते. रमजानच्या आधी कपाटं रिकामी करायची, डबे घासायचे, चांगले कपडे गरजूंसाठी बाजूला काढायचे, ही अम्मीची जुनी पद्धत. माझा धाकटा भाऊ हिंजवडीत राहतो. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी गाडी तो चालवतो आणि अम्मी त्याच्याकडेच असते. एका रविवारी मी मदतीला गेले, तर अम्मीच्या ट्रंकेत साडीच्या घडीत जपून ठेवलेली एक डीव्हीडी निघाली. वर धाकट्या बहिणीचं नाव आणि साल होतं : २००८. तिच्या निकाहची डीव्हीडी.

अम्मीने ती हातात घेतली. म्हणाली, “यात तुझ्या अब्बांचा आवाज आहे. रुखसतीच्या वेळी त्यांनी दुआ मागितली होती. एकदा ऐकव ना.”

अब्बांना जाऊन आठ वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, चष्मा आहे, जानमाज आहे. पण आवाज कुठेच नाही. तेव्हा आमच्याकडे साधे फोन होते आणि रेकॉर्ड करून ठेवावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. घरातला त्यांचा सगळा आवाज या एका तबकडीत होता.

भाचीच्या अभ्यासासाठी भावाने ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर घेतलेला आहे. त्याला डीव्हीडीचा ट्रे आहे म्हणून आम्ही उत्साहाने बसलो. भाचीने बटण दाबलं. ट्रे उघडला नाही, दिवा लागला नाही. स्क्रीनवर फक्त सी आणि डी दिसत होते, डीव्हीडीचं चित्रच नव्हतं. “फुफी, ड्राइव्ह दिसतच नाही. खराब झाला असणार,” भाचीने निकाल देऊन टाकला. अम्मी काही बोलली नाही. तिने डीव्हीडी पुन्हा साडीत गुंडाळली.

मला ते पाहवलं नाही.

आयटीच्या गावात एक ड्राइव्ह मिळेना

हिंजवडी म्हणजे राजीव गांधी इन्फोटेक पार्क. माण, मारुंजी, वाकड या परिसरात दिसेल तिकडे कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं. मला वाटलं, इथे हा प्रश्न पाच मिनिटांत सुटेल. शेजारच्या फ्लॅटमध्ये नागपूरकडचा एक तरुण इंजिनिअर राहतो. त्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, “ताई, मी दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरसमोर असतो, पण डबा उघडून कधी पाहिला नाही. आणि आमच्या कुणाच्याच लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही.”

त्याचं खरं होतं. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तयार केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. १९९६ मध्ये डीव्हीडी आली. सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट मावतात, तर साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट. आपल्याकडे मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास अवघ्या २८ रुपयांत सिनेमाच्या व्हीसीडी विकायला सुरुवात केली आणि तबकड्या घरोघर पोचल्या. नंतर पेन ड्राइव्ह आले, मोबाइल आले, लॅपटॉप पातळ झाले आणि ड्राइव्ह गायब झाला. २०१८ मध्ये मोझर बेअरही दिवाळखोरीत निघाली. साधारण २००० ते २०१५ या काळातले आपले निकाह, वलीमे, हजहून परतलेल्या आजी-आजोबांचं स्वागत, मुलांचं पहिलं कुरआन-ख्वानी, हे सगळं मात्र त्याच तबकड्यांत राहिलं.

म्हणूनच हा लेख. ड्राइव्ह “दिसत नाही” म्हणजे तो मेला असं नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. ते क्रमाने शोधावं लागतं, इतकंच.

वर्गातली हजेरी

मी शाळेत शिकवते, म्हणून मला हे शाळेच्याच भाषेत कळलं. हजेरी घेताना एखाद्या मुलाचं उत्तर आलं नाही, तर तीन शक्यता असतात. एक, मूल शाळेतच आलेलं नाही. दोन, ते वर्गात बसलं आहे, पण हजेरीपटावर त्याचं नाव नाही. तीन, ते हजर आहे, नावही आहे, पण हातातलं पुस्तक त्याला वाचता येत नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे. ड्राइव्हचंही तसंच आहे. आधी वीज आणि वायर पाहायची, मग कॉम्प्युटरच्या नोंदी, आणि शेवटी तबकडी. लोक उलट्या क्रमाने जातात. पहिल्याच दिवशी विंडोज नव्याने टाकतात आणि नंतर कळतं की वायरच निघालेली होती.

पहिला प्रश्न : मूल शाळेत आलं आहे का?

कॉम्प्युटर चालू करा आणि ड्राइव्हचं बटण दाबा. ट्रे बाहेर आला, दिवा लुकलुकला, तर वीज पोचते आहे. काहीच झालं नाही, तर वीज पोचत नाही किंवा ड्राइव्ह खरंच बिघडला आहे. आतमध्ये एखादी तबकडी अडकली असेल, तर कॉम्प्युटर बंद करा आणि ट्रेच्या पट्टीवरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबा. ट्रे थोडा पुढे येतो, मग तो हाताने ओढता येतो.

आता डबा उघडायचा. घाबरू नका, पण तीन गोष्टी पाळा. कॉम्प्युटर बंद करून भिंतीतली पिन काढा. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज भागांना लागत नाही. जिथे भिंतीतली वायर येते तो पंख्याचा बंद चौकोनी डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तो मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही त्याच्यात जोरदार धक्का देईल इतकी वीज साठलेली असू शकते.

ड्राइव्हच्या मागे दोन वायरी असतात. रुंद तोंडाची वायर वीज देते, अरुंद तोंडाची माहिती नेते. या दोन्हींना साटा केबल म्हणतात. फारच जुन्या कॉम्प्युटरमध्ये माहितीसाठी राखाडी रंगाची चपटी, रुंद पट्टी असते. त्या प्रकारात एकाच पट्टीवर दोन वस्तू जोडलेल्या असतील, तर मागच्या छोट्या जंपरने एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह ठरवावं लागतं. दोन्ही सारख्याच लावल्या तर एखादी किंवा दोन्हीही दिसत नाहीत. दोन्ही प्रकारांत वायर दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. घर बदलताना, टेम्पोच्या हादऱ्यांनी ती बऱ्याचदा सैल होते. तरी जमलं नाही, तर माहितीची केबल बदलून पाहा, मग मदरबोर्डवरची जागा बदलून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही.

आम्ही डबा उघडला आणि मी कपाळावर हात मारला. ड्राइव्हच्या मागे एकही वायर नव्हती! भावाला आठवलं. वर्षभरापूर्वी कॉम्प्युटर फार हळू चालायचा म्हणून एका दुरुस्तीवाल्याने त्यात एसएसडी टाकली होती. ऑफिसातल्या या लहान कॉम्प्युटरमध्ये विजेच्या जोडण्या मोजक्याच असतात. त्याने डीव्हीडीच्या वायरी काढून एसएसडीला लावल्या आणि सांगायचं राहून गेलं. ड्राइव्ह खराब नव्हताच. तो उपाशी होता.

त्यासाठी एक साटा केबल आणि एका जोडणीच्या दोन करणारी विजेची केबल हवी होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन दोन्ही आणल्या. नव्या ड्राइव्हच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ.

दुसरा प्रश्न : हजेरीपटावर नाव आहे का?

वायरी लावल्या, की लगेच विंडोजमध्ये जाऊ नका. आधी बायोस पाहा. कॉम्प्युटर चालू होताच डिलीट किंवा एफ २ ही कळ पुन्हा पुन्हा दाबायची. काही कंपन्यांत ती एफ १ किंवा एफ १० असते, सुरुवातीच्या पडद्यावर तसं लिहिलेलं येतं. तिथे जोडलेल्या वस्तूंची यादी असते. त्यात डीव्हीडी ड्राइव्हचं नाव दिसलं, तर वीज आणि वायर ठीक, दोष विंडोजमध्ये. नाव नसेल, तर पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. तिथे ती साटाची जागा बंद करून ठेवलेली आहे का, तेही पाहता येतं. बाकी काही बदलू नका आणि न साठवता बाहेर पडा.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, तर खालच्या पट्टीतल्या स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात डीव्हीडी आणि सीडी-रॉम ड्राइव्ह अशी ओळ असते. ड्राइव्हच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर उजव्या क्लिकने तो अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. विंडोज त्याला नव्याने ओळखते. ड्राइव्ह चालवण्याचं सॉफ्टवेअर विंडोजमध्येच असतं. म्हणून इंटरनेटवर “तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत, पैसे भरा” अशी जाहिरात दिसली, तर तिच्या नादी लागू नका.

पिवळा त्रिकोण तरीही जात नसेल, तर एक जुनं दुखणं तपासावं लागतं. सीडी लिहिण्याची काही सॉफ्टवेअर विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ अशा नोंदी करतात. सॉफ्टवेअर काढलं तरी नोंद मागे राहते आणि ड्राइव्हची वाट अडवते. त्या नोंदी काढल्या की ड्राइव्ह परत दिसतो. पण रजिस्ट्रीत चुकीची ओळ पुसली गेली, तर विंडोजच बंद पडू शकते. म्हणून हे काम आधी बॅकअप घेऊन, जाणकाराकडूनच करून घ्या. त्याला नुसते हे दोन शब्द सांगितले तरी तो ओळखेल.

आणखी एक सोपी शक्यता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह ठीक दिसतो, पण सी-डीच्या शेजारी येत नाही. तेव्हा डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला अक्षर दिलेलं आहे का, ते पाहा. अक्षर नसेल, तर तिथूनच देता येतं.

आमच्याकडे इतकं करावं लागलं नाही. वायरी लावल्या आणि बायोसमध्ये नाव आलं. विंडोज सुरू झालं, तेव्हा सी आणि डीच्या शेजारी ई उभा होता. भाची टाळ्या वाजवायला लागली.

तिसरा प्रश्न : पुस्तक वाचता येतं का?

ट्रे उघडला, बिस्मिल्लाह म्हणून डीव्हीडी ठेवली. घरघर झाली, थांबली, पुन्हा घरघर. पडद्यावर आलं : तबकडी ठेवा.

हा तिसरा प्रकार. आता दोष ड्राइव्हचा की तबकडीचा, हे ठरवण्यासाठी दुसरी चांगली तबकडी टाकून पाहायची. त्यातही सीडी आणि डीव्हीडी दोन्ही टाका. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा. त्यामुळे एक चालतो आणि दुसरा थकलेला आहे, असंही होतं. आमच्या ड्राइव्हने भाचीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकाची सीडी वाचली, पण बहिणीच्या घरून आणलेली एक डीव्हीडी अडखळत वाचली. म्हणजे ड्राइव्हही म्हातारा आणि तबकडीही.

तबकडी पुसण्याची एक रीत आहे. मऊ, स्वच्छ सुती कापड किंचित पाण्याने ओलं करून मधून बाहेर, सरळ रेषेत पुसायचं. ताट पुसतो तसं गोल फिरवायचं नाही. माहिती गोलाकार वाटेने लिहिलेली असते. वाटेला आडवा छेद गेला, तर ड्राइव्ह तुटलेली अक्षरं आजूबाजूच्या माहितीवरून जुळवून घेतो. पण ओरखडा वाटेच्या दिशेनेच गेला, तर सलग मजकूर जातो. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं द्रव यातलं काहीही लावू नका. सीडीची छापील बाजू तर जास्त नाजूक असते, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मधोमध असतो. तेव्हा वर बॉलपेनने लिहू नका, कागदी स्टिकर चिकटवू नका, आणि उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या तबकडीत रंगाचा पातळ थर असतो. ऊन आणि उष्णतेने तो फिकट होत जातो.

एक गोष्ट विसरू नका : तबकडी वाचली जाते पण चित्र दिसत नाही, असंही घडतं. विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडीचा व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर आधीपासून नसतं. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात डीव्हीडीही चालते आणि जुनी व्हीसीडीही.

लॅपटॉपवाल्यांसाठी

एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही, ते दुसऱ्याला येतं. म्हणून मी एका सहकारी शिक्षिकेकडून यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह मागून आणला आणि इंजिनिअरच्या लॅपटॉपला लावला. तोही दिसेना! दिवा लागायचा, टकटक व्हायची, परत बंद.

कारण पुन्हा विजेचंच निघालं. असा ड्राइव्ह आपली वीज यूएसबीतूनच घेतो. यूएसबी २.० ची एक जागा ठरावाप्रमाणे अर्धा अँपिअर देते आणि ३.० ची ०.९. तबकडी फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्हला याहून जास्त लागू शकते. त्याने तो ड्राइव्ह एका हबमध्ये लावला होता आणि त्याच हबवर माउस, कीबोर्ड, मोबाइल असं सगळं कुटुंब पोसलं जात होतं. हब काढला, वायर थेट लॅपटॉपला लावली आणि ड्राइव्ह दिसला. डेस्कटॉप असेल, तर पुढच्या जागेऐवजी मागची वापरा. ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची वायर आली असेल, तर दोन्ही तोंडं लावा. आणि मोबाइल चार्जिंगची वाटेल ती वायर वापरू नका. काही वायरींतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही.

दुकानात देताना अमानत सांभाळा

हे घरी जमणार नसेल, तर दुकानात जरूर द्या. त्यात कमीपणा नाही. पण निकाहच्या रेकॉर्डिंगमध्ये घरातल्या बायका-मुली असतात. ती तबकडी म्हणजे आपल्याकडे ठेवलेली त्यांची अमानत आहे. दुरुस्तीसाठी फक्त ड्राइव्ह किंवा कॉम्प्युटर द्या, तबकडी घरी ठेवा. कॉपी बाहेरच करून घ्यायची असेल, तर घरचं कुणीतरी शेजारी बसा आणि काम झाल्यावर दुकानातल्या कॉम्प्युटरवरची प्रत आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्या. आणि सापडलेल्या आनंदात सगळा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. ज्यांचे चेहरे आहेत, त्यांना आधी विचारा. अठरा वर्षांच्या मुलीने तेव्हा जे चालवून घेतलं, ते आज तिला चालेलच असं नाही.

अब्बा बोलले

त्या रात्री दुसऱ्या ड्राइव्हने तबकडी वाचली. आम्ही ती लगेच लावली नाही, आधी कॉपी केली. हीच माझी सगळ्यात मोठी विनंती आहे : जुनी तबकडी चालली, तर पाहत बसू नका, आधी उतरवून घ्या. पुढच्या वेळी ती चालेल याचा भरवसा नाही. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं. ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर घ्यायचं. एखादी फाइल अडली, तर ती सोडून बाकीच्या घ्यायच्या आणि अडलेली नंतर दुसऱ्या ड्राइव्हने पाहायची.

आमच्या एका फाइलचा शेवट आलाच नाही. वलीम्याचं जेवण आणि पाहुण्यांची रांग गेली. पण रुखसतीचा भाग होता.

अम्मी पलंगावर बसली होती. पडद्यावर अब्बांची पाठ दिसली, मग हात उठलेले दिसले. आवाज थोडा फाटका, मध्ये एकदा तुटला, पण तोच. बहिणीसाठी, तिच्या सासरसाठी, जमलेल्या सगळ्यांसाठी ते मागत होते. शेवटी ‘आमीन’ आलं, तेव्हा पडद्यातल्या माणसांबरोबर अम्मीनेही आमीन म्हटलं. भाचीने आजोबांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कान देऊन ऐकला. ते गेले तेव्हा ती फार लहान होती. दारात उभा असलेला शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, “आजी, पुन्हा लावू?” अम्मी म्हणाली, “नको बेटा. आज एवढं पुरे.”

आता त्या फाइलच्या तीन प्रती आहेत. एक भावाच्या कॉम्प्युटरवर, एक माझ्याकडच्या हार्ड डिस्कवर, एक बहिणीच्या घरी. एकाच घरात सगळ्या प्रती ठेवू नयेत, कारण पाणी आणि आग दोन्ही सांगून येत नाहीत. पेन ड्राइव्हही कायमचा नसतो, म्हणून दरवर्षी शाबानच्या आवराआवरीत तिन्ही एकदा उघडून पाहायच्या, असं आम्ही ठरवलं आहे. आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. इथेही तेच.

तुमच्याही कपाटात, गादीखाली, शोकेसमध्ये अशा तबकड्या असतील. या रमजानच्या आधी त्या बाहेर काढा. ड्राइव्ह दिसला नाही, तर लगेच फेकू नका. आधी वायर पाहा. कुणाच्या तरी अब्बांचा, दादीचा, नानांचा आवाज आत वाट पाहत असेल. अल्लाह आपल्या सर्व मरहूम वडीलधाऱ्यांची मग्फिरत करो. आमीन.